प्रोलॅक्टिनवाढ आणि गर्भधारणा

प्रोलॅक्टिनवाढ आणि गर्भधारणा : मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून (पिट्युइटरी) स्रवणारे प्रोलॅक्टिन हे स्तनांत दूध तयार करणारे संप्रेरक. गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या रक्तात ते साधारणपणे दर मिलिलिटरला २५ नॅनोग्रॅमपेक्षा कमी असते. ते अवाजवी वाढले की बीजकोशाला चालना देणाऱ्या संप्रेरकांची साखळी मंदावते, बीज सुटत नाही, पाळी लांबते किंवा बंद होते. काही स्त्रियांना मूल नसतानाही स्तनांतून दूध येते. मूल न होण्याच्या कारणांपैकी हे औषधाला उत्तम दाद देणारे कारण आहे.

वाढीमागे पोष ग्रंथीतली साधी, कर्करोग नसलेली गाठ असू शकते. पण दर वेळी गाठच असते असे नाही. थायरॉइड मंदावल्याने प्रोलॅक्टिन वाढते. मळमळ-ॲसिडिटीसाठी सर्रास घेतली जाणारी डॉमपेरिडोन, लेव्होसल्पिराइड यांसारखी औषधे आणि काही मनोविकारांवरील गोळ्याही ते वाढवतात. झोपेत आणि ताणामुळेही पातळी चढते. म्हणून एकाच अहवालावर निदान करू नये. आधी गर्भ राहिलेला नाही ना हे पाहावे, चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी आणि थोडी वाढ असल्यास विश्रांतीनंतर पुन्हा रक्त द्यावे.

डोपामीन हे प्रोलॅक्टिनला नैसर्गिक लगाम घालते. कॅबरगोलिन आणि ब्रोमोक्रिप्टीन ही औषधे डोपामीनसारखेच काम करतात. बहुसंख्य स्त्रियांत त्यांनी पातळी उतरते, पाळी सुरू होते, गाठही आकसते. पहिली पाळी येण्याआधीच बीज सुटून दिवस राहू शकतात, हे अनेकींना कुणी सांगितलेलेच नसते. गाठ १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असेल, तर ती पुरेशी आकसेपर्यंत गर्भनिरोधक वापरायला सांगतात.

दिवस राहिल्याचे कळताच, गाठ लहान असल्यास, डॉक्टर सहसा औषध थांबवतात. पुढे प्रोलॅक्टिन मोजत बसण्यात अर्थ नसतो, कारण निरोगी गर्भारपणातही ते दहापट किंवा त्याहून अधिक वाढते. अहवालातला आकडा पाहून घाबरलेल्या गर्भवतीला हे समजावून सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. लक्ष ठेवायचे ते डोकेदुखीवर आणि नजरेवर. गर्भारपणात इस्ट्रोजेनमुळे गाठ वाढू शकते, आणि पोष ग्रंथीच्या अगदी वरच दोन्ही डोळ्यांच्या चेतातंतूंची फुली असते. तिच्यावर दाब आला की दोन्ही बाजूंच्या कडांचे दिसेनासे होते : समोरचा माणूस स्पष्ट दिसतो, शेजारून येणारे वाहन दिसत नाही. लहान गाठीत हे क्वचित घडते. मोठ्या गाठीत धोका बराच जास्त, म्हणून दर तिमाहीला दृष्टिक्षेत्र तपासतात, प्रसंगी औषधही चालू ठेवतात. लक्षणे दिसल्यास एमआरआय करतात, तोही रंगद्रव्य न टोचता.

गाठीचा त्रास नसेल तर बाळाला अंगावर पाजण्यास हरकत नसते. दूध तोडल्यानंतर प्रोलॅक्टिन पुन्हा तपासावे. काहींची पातळी बाळंतपणानंतर आपोआप सामान्य झालेली आढळते आणि त्यांना पुढे औषध लागत नाही.