लिस्बनमधली एक ओळ

गोव्यातल्या जन्मनोंदीच्या जुन्या वहीत आजोबांची एक ओळ असते. तिची नक्कल निघते, तिच्यावर शिक्के बसतात आणि कागद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात जातो. आजोबांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा असला म्हणजे झालं. तिथे आधी त्यांची नोंद होते, मग वडिलांची, मग नातवाची. सासष्टीतला तो नातू या ओळीच्या जोरावर इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात गोदामात रात्रपाळीला उभा राहू शकत असे. पोर्तुगालशी त्याचा संबंध एवढाच. अनेकांनी लिस्बन पाहिलंही नव्हतं. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ही वाट चालू होती. ब्रिटन युरोपीय संघातून पुरतं बाहेर पडलं आणि ती बंद झाली.

संघ जुळला, मोडला आणि माणसं मात्र चालत राहिली, हे गोव्याने त्याआधीही एकदा पाहिलं होतं. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान जकातीपुरते एक झाले. मुरगावची रेल्वे त्या तहातून आली, पण मिठागरांवर इंग्रजांचा ताबा बसला आणि मिठावर जगणारी घरं उघडी पडली. माणसं मुंबईला निघाली. १८९२ मध्ये तह संपला, जकातीची सरहद्द परत आली, तरी मुंबईची रीघ थांबली नाही. धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या कुडी उभ्या राहिल्या. बोटीवरून उतरलेला तारवटी पुढची बोट मिळेपर्यंत आपल्या गावच्या कुडीत पथारी टाकायचा. पुढे आफ्रिका, मग आखात. स्विंडन हा याच वाटेवरचा अलीकडचा मुक्काम.

आता इंग्लंडच्या दाराकडे पाहू. १९४८ च्या कायद्याने राष्ट्रकुलातल्या कोणालाही ब्रिटनमध्ये येऊन राहण्याची आणि कामाची मुभा होती. कापडगिरण्या, ओतशाळा, बससेवा, इस्पितळं, सगळीकडे माणसं हवी होती. १९६२ मध्ये दार ओढून घेतलं गेलं, १९६८ मध्ये केनियातून येणाऱ्या आशियाई लोकांपुढे आणखी आवळलं गेलं आणि १९७१ च्या कायद्याने जवळपास लागलं. हा कायदा अमलात आला तो दिवस १ जानेवारी १९७३. ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झालं तो दिवसही हाच. म्हणजे एका सकाळी जुन्या साम्राज्यातल्या माणसाला दार लागलं आणि त्याच सकाळी युरोपातल्या कामगाराला उघडलं. इतिहासात इतके नेमके योगायोग सहसा सापडत नाहीत. सापडला की मला त्याच्यावर आधी संशय येतो, पण तारीख खरी आहे.

युरोपचं हे दार कोळशाच्या खाणीतून आलं, हेही विसरलं जातं. १९५१ च्या पॅरिस तहात ये-जा करण्याची सवलत होती ती फक्त कोळसा-पोलादातल्या कसबी कामगारांना. १९५७ च्या रोम तहाने ती सगळ्या कामगारांसाठी तत्त्व म्हणून मांडली, १९६८ च्या नियमाने तिला हातपाय दिले, आणि मास्ट्रिख्टच्या तहानंतर, १९९३ मध्ये, कामगाराचा 'युरोपीय नागरिक' झाला. त्यातला कळीचा भाग असा, की हक्क माणसाचा होता. मालकाने बोलावलं म्हणून तो मिळत नव्हता आणि मालकाने काढलं म्हणून जातही नव्हता.

आणि गोवा? १९६२ च्या आदेशाने गोवेकर भारताचे नागरिक झाले. पोर्तुगालने मात्र भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते तिथली हुकूमशाही कोसळल्यावर, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. जमिनीवरचा दावा सुटला, पण माणसांच्या नागरिकत्वाचा धागा सुटला नाही. १९८१ च्या नागरिकत्व कायद्यानंतरही तो राहिला. तेव्हा त्याचं मोल फारसं नव्हतं. पोर्तुगाल हाच मुळी गरीब आणि माणसं बाहेर धाडणारा देश होता. १९८६ मध्ये तो युरोपीय समुदायात गेला, १९९२ पासून त्याच्या कामगारांवरचे निर्बंध उठले, आणि लिस्बनमधल्या त्या ओळीला एकाएकी किंमत आली. १९७३ मध्ये पुढच्या दाराने नाकारलेला माणूस पोर्तुगालच्या अंगणातून मागच्या दाराने आत आला. बदल्यात भारतीय नागरिकत्व जायचं. नुसती जन्मनोंद म्हणजे परकीय नागरिकत्व घेणं का, यावर गोव्यात वादही झाले.

स्विंडनमध्ये गोदामं होती, पॅकिंग होतं, मोटारींचे कारखाने होते. आधी गेलेल्याच्या घरात नंतर आलेला उतरायचा. ही कूडच, फक्त धोबीतलावऐवजी विल्टशरमध्ये. २००४ मध्ये पूर्व युरोपातले आठ देश संघात आले तेव्हा ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन एवढ्यांनीच त्यांच्या कामगारांना लगेच मोकळीक दिली. वर्षाला निव्वळ ५ ते १३ हजार माणसं येतील असा एक अंदाज होता. तो साफ फसला आणि पुढच्या सगळ्या रागाचं मूळ बरंचसं त्यातच आहे. सरासरी पगारावर या माणसांचा परिणाम नगण्य, असं सरकारच्याच सल्लागार समितीने २०१८ मध्ये सांगितलं, पण तोवर २३ जून २०१६ चं सार्वमत होऊन गेलं होतं. संघ सोडण्याच्या बाजूने देशात ५१.९ टक्के मतं पडली. खुद्द स्विंडनने ५४ टक्क्यांहून जास्त दिली.

पुढे काय झालं? आधीपासून तिथे असलेल्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून राहता आलं. नव्यांसाठी १ जानेवारी २०२१ पासून गुणांची पद्धत आली: मालकाचं प्रायोजकत्व, इंग्रजी आणि सुरुवातीला साधारणपणे वर्षाला २५,६०० पौंड पगार. गोदामातलं पॅकिंग या यादीत कुठेच बसत नव्हतं. त्याच वर्षी सप्टेंबरात ट्रकचालक कमी पडले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि सरकारने ५,००० चालकांना ख्रिसमसपुरता व्हिसा देऊ केला. तीन महिन्यांसाठी बिऱ्हाड कोण हलवणार? स्ट्रॉबेरी तोडायला आता बल्गेरिया-रुमानियाऐवजी किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, नेपाळ इथून माणसं हंगामी व्हिसावर येऊ लागली. वृद्धांच्या शुश्रूषेला हात मिळेनात, म्हणून २०२२ मध्ये त्या कामाला व्हिसा खुला झाला, आणि केरळ, नायजेरिया, झिम्बाब्वेतून लोक आले. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांवर गेलं. सार्वमताच्या वेळी जाहीर झालेला आकडा ३ लाख ३० हजारांच्या आसपास होता.

आकड्यांवरून भांडण चालू राहील. मला त्याहून मोठा वाटतो तो हक्काच्या मालकीतला बदल. स्विंडनमधला गोवेकर पाळी आवडली नाही तर शेजारच्या गोदामात जायचा. शुश्रूषेला आलेल्या बाईचा व्हिसा मालकाच्या परवान्याला बांधलेला असतो. नोकरी गेली की नवा प्रायोजक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. दलालाला पैसे देऊन आलेली बाई त्या ६० दिवसांत काय भांडणार? पुढे सरकारने २०२४ मध्ये शुश्रूषा-कामगारांच्या कुटुंबांना मनाई केली, सर्वसाधारण पगाराची अट ३८,७०० वर नेली, जुलै २०२५ मध्ये ४१,७००, आणि शुश्रूषेसाठी परदेशातून नवी भरती बंद केली.

लिस्बनमधली ती ओळ मात्र रद्द झालेली नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर आजही डब्लिनला जाता येतं. ते युरोपीय संघात आहे आणि तिथे इंग्रजी चालते. आयर्लंडमध्ये पाच वर्षं वास्तव्य झालं की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. आणि आयरिश नागरिकाला ब्रिटनमध्ये राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. ही सवलत ब्रिटनने युरोपात पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि बाहेर पडतानाही तिला कोणी हात लावलेला नाही.