राजा हृदय, सेनापती यकृत

इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत आकाराला आलेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या चिनी वैद्यकग्रंथात शरीर हे राज्य आहे: हृदय राजा, यकृत सेनापती. अवयव म्हणजे मुख्यतः कार्यांचा समूह. म्हणून डोळे, स्नायुबंध आणि रागही यकृताच्या खात्यात येतात. तिसऱ्या शतकाच्या आरंभी चांग चोंगचिंग यांनी तापाची लक्षणे सहा गटांत लावून त्यांना काढे जोडले.

अवयवांनुसार निदानाची घडी बसवण्यात मोठा वाटा बालवैद्य छियान यी यांचा. त्यांचा ग्रंथ १११९ चा. मुलांसाठी त्यांनी आठ औषधींच्या जुन्या गोळीतून दालचिनी आणि बचनागवर्गीय मूळ ही उष्ण द्रव्ये वगळली. उरलेल्या सहांची गोळी मूत्रपिंडाच्या ‘यिन’च्या, म्हणजे शीतल, पोषक अंशाच्या, क्षीणतेवर आजही देतात. लक्षणसमूह ओळखून उपचार हे सबंध वैद्यकाचे मुख्य सूत्र म्हणून रुजले ते मात्र १९५० नंतरच्या सरकारी पाठ्यपुस्तकांमुळे.