दीपाबाईंची चोळीबांगडी

के. आर. पुरममध्ये आम्ही राहतो तेथून जुना मद्रास रस्ता पूर्वेस होसकोट्याकडे जातो आणि पश्चिमेस बंगळूर शहरात शिरतो. या रस्त्याने नित्य जा-ये करणाऱ्या आम्हां मराठी माणसांपैकी किती जणांस ठाऊक असेल की, ही दोन्ही ठिकाणे एके काळी एका मराठी राजस्त्रीच्या चोळीबांगडीची होती! तिच्या पतीचे नाव अभ्यासकांस माहीत आहे. दिराचे तर विचारावयासच नको. दीपाबाई मात्र तहाच्या एका कलमापुरत्या उरल्या.

त्या इंगळ्यांच्या कन्या आणि शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्या पत्नी. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बंगळूर केंपेगौडाकडून घेतले व ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६६४ मध्ये राजे निवर्तल्यावर जहागीर व्यंकोजींकडे राहिली. पुढे तंजावर हाती येताच त्यांनी आपली गादी तिकडे नेली.

१६७७ मध्ये शिवाजीमहाराज दक्षिणेत उतरले आणि त्यांनी वडिलांच्या दौलतीतील वाटा मागितला. तिरुमलवाडीची भेट फसली. व्यंकोजी रातोरात निघून गेले. मागाहून त्यांनी महाराजांच्या सैन्यावर चाल केली आणि पराभव पदरी घेतला. येथे बखरी दीपाबाईंना बोलत्या करतात. वडील भावाशी वैर धरू नये आणि रघुनाथपंत हणमंते यांना मध्ये घालून तह करावा, असे त्यांनी पतीस पटविले. हे पंत पूर्वी व्यंकोजींचेच कारभारी. रुसून महाराजांकडे गेलेले. ज्याचा पतीस सर्वांत अधिक राग, तोच माणूस या वेळी कामाचा, हे बाईंनी ओळखले. यात केवळ घरातल्या बाईची माया पाहणे आम्हांस मान्य नाही. ही मुत्सद्देगिरीच होय.

महाराजांनीही ती जाणली असावी. बखरीतील तहाप्रमाणे बंगळूर, होसकोटे व शिरे हा दोन लक्षांचा मुलूख त्यांनी भावास न देता भावजयीस दिला, चोळीबांगडीसाठी. तिच्यामागे तो तिच्या कन्यांकडे जावा, असेही त्यात आहे. त्या काळी लेकींच्या नावे मुलूख लावून देणारे कलम आम्हांस तरी विलक्षण वाटते.

तंजावरास दीपाबाईंनी विद्येस आश्रय दिला. ‘भोजनकुतूहल’ हा पाकशास्त्रावरील संस्कृत ग्रंथ लिहिणारे रघुनाथ गणेश नवहस्त त्यांच्याच पदरी होते. शहाजी, सरफोजी आणि तुकोजी हे त्यांचे तिन्ही पुत्र एकामागून एक तंजावरच्या गादीवर बसले. थोरल्या शहाजींनी तर मराठीत नाटकही रचले. पुत्रांस राज्य लाभले. कन्यांच्या मुलखाचे दैव निराळे.

इतक्या दूरचे बंगळूर राखणे तंजावरास परवडेना. ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांस तीन लक्ष रुपयांस विकण्याची बोलणी चालू होती. तोच १६८७ मध्ये मोगल सरदार कासिमखानाने शहर घेतले, आणि त्यानेच पुढे ते वडेयरांच्या हवाली केले. चोळीबांगडीचे कलम कागदावर राहिले.

आमच्या गावाचे पूर्ण नाव कृष्णराजपुरम. त्या नावात आहेत ते वडेयर.