तारायुद्धाचा ताळेबंद

प्रत्येक घरात जेवताना काढू नयेत असे काही विषय असतात. कुणाच्या घरी जावयाची नोकरी, कुणाच्या घरी वाटणीत गेलेली कोकणातली आमराई, तर कुणाच्या घरी मेहुण्याचं गाणं. आमच्या घरी हा विषय म्हणजे 'स्टार वॉर्स' नावाचा अमेरिकन सिनेमा आहे, हे मला वयाच्या ऐंशीव्या वर्षी आमटीचा भुरका मारता मारता कळलं.

त्याचं असं झालं. नातू, वय वर्षे बारा, नवा शर्ट घालून पानावर बसला होता. शर्टावर काळं शिरस्त्राण घातलेला एक इसम छापलेला होता. मी आपलं सहज विचारलं, "हा कोण रे, हेल्मेटवाला?"

"आजोबा! हा डार्थ व्हेडर!"

"अजून चालू आहे का ते? उगीच डोक्यावर घेतलंय लोकांनी. एवढं काही नाही त्यात."

पंगतीत शांतता पसरली. सूनबाई पोळ्या आणायला आत गेल्या त्या आतच राहिल्या. हिने टेबलाखालून माझा पाय दाबला. मला वाटलं नातू रागावेल, पण रागावला तो माझा मुलगा. वय वर्षे पन्नास, डोक्यावर केस बेताचे, ऑफिसात हाताखाली चाळीस माणसं. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही तेव्हाही हेच म्हणाला होतात." आणि ताक न घेता उठला. आमच्या घराण्यात ताक न घेता उठणं म्हणजे राजीनामा देण्यासारखंच आहे.

'तेव्हा' म्हणजे १९८५ साली. त्या काळी व्हिडिओ एका रात्रीपुरता भाड्याने आणायची पद्धत होती. एका रात्रीत तीन कॅसेटी बघितल्या नाहीत तर पैसे फुकट गेले, अशी सर्वांची प्रामाणिक समजूत. दोन हिंदी सिनेमे बायकामंडळींच्या पसंतीचे, आणि तिसरा मुलाच्या हट्टाचा. त्याचा नंबर लागला रात्री एक वाजता. शेजारपाजारचे निम्मे लोक भिंतीला टेकून घोरत होते. जागे होते तिघेच: मुलगा, शेजारचे पदार्थविज्ञानाचे सर आणि अधूनमधून मी.

सकाळी मुलाने दात घासायच्या आधी विचारलं, "बाबा, कसा वाटला?"

आता इथे 'छान होता' म्हणून मोकळं व्हायला काय हरकत होती? पण नाही. मी त्याला समोर बसवलं आणि सरांकडून रात्री मिळालेलं ज्ञान ऐकवलं. अवकाशात हवा नसते, तेव्हा स्फोटाचा आवाज येईलच कसा? आणि तो हान सोलो नावाचा तस्कर आपलं यान किती वेगवान आहे हे सांगताना म्हणतो, की अमुक एक सफर मी बारा पार्सेकच्या आत केली. अरे, पार्सेक हे अंतराचं माप! एक पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं. म्हणजे 'मी पुण्याहून मुंबईला शंभर मैलांच्या आत पोचलो' अशी फुशारकी मारण्यासारखं झालं. सगळा पोरखेळ! मुलगा काही बोलला नाही. दात घासायला गेला. मी हे विसरलो. तो चाळीस वर्षं विसरला नाही.

मी जन्मभर हिशेब तपासण्याचं काम केलं. एखाद्या मालाची किंमत फुगवलेली आहे असं म्हणायचं, तर आधी त्याची मूळ किंमत काय होती ते पाहावं लागतं. नुसतं तोंडाने बोलून भागत नाही. तेव्हा मी ठरवलं, की या सिनेमाची रीतसर तपासणी करायची. नातवाने पुस्तकं आणि फोन पुरवला, चहा हिने पुरवला. महिनाभर मी बसलो.

पहिली बाब उधारीची. जॉर्ज ल्यूकस हा कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावचा मुलगा, जन्म १९४४चा. त्याला खरं म्हणजे 'फ्लॅश गॉर्डन' या जुन्या चित्रकथेवर सिनेमा काढायचा होता. हक्क मिळेनात, तेव्हा म्हणाला, आपणच एक काढू. मग त्याने जपानच्या अकिरा कुरोसावाच्या १९५८ सालच्या 'द हिडन फोर्ट्रेस'मधून कर्तबगार राजकन्या घेतली. त्यात गोष्ट दोन भांडकुदळ शेतकऱ्यांच्या नजरेतून दिसते. त्यांचे याने दोन यंत्रमानव केले. जोसेफ कॅम्पबेलचं पुराणकथांतल्या नायकांवरचं १९४९ सालचं पुस्तक उशाशी ठेवलं. यानांच्या लढाया कशा दिसाव्यात, तर दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या झटापटींचे तुकडे जोडून नमुना केला. थोडक्यात, दुकानातला बहुतेक माल उसना! मी खुशीत येऊन वहीत लिहिलं, 'आक्षेप क्रमांक एक.' पण लिहिता लिहिता हात थबकला. कीर्तनाला आपण जातो तेव्हा आख्यान नवं असतं का? सुदाम्याचे पोहे बुवांनी स्वतः थोडेच कांडलेले असतात! बुवा रंगवतात कसं ते बघायला आपण जातो. आक्षेप क्रमांक एक मला खोडावा लागला.

दुसरी बाब मूळ किमतीची, आणि इथे माझी खरी पंचाईत झाली. कारण सुरुवातीला या मालाला कोणी किंमतच दिलेली नव्हती. युनायटेड आर्टिस्ट्सने नको म्हटलं. युनिव्हर्सलने नको म्हटलं. ट्वेंटीएथ सेंच्युरी फॉक्समध्ये अ‍ॅलन लॅड ज्युनियर नावाच्या गृहस्थाने हो म्हटलं, तेही गोष्ट कळली म्हणून नव्हे, तर हा पोरगा कामाचा दिसतो म्हणून. खर्च झाला सुमारे १ कोटी १० लाख डॉलर. २५ मे १९७७ रोजी सिनेमा लागला तो सबंध अमेरिकेत अवघ्या बत्तीस थिएटरांत. थिएटरवाले घ्यायला तयार नव्हते. फॉक्सची त्या वर्षीची भिस्त होती 'द अदर साइड ऑफ मिडनाइट' या दुसऱ्याच सिनेमावर. तो हवा असेल तर हाही घ्या, असं बजावून त्यांनी हा काहींच्या गळ्यात मारला. रेशनच्या दुकानात साखरेबरोबर किडका गहू गळ्यात मारावा तसा! खुद्द ल्यूकस आपटी खायच्या भीतीने हवाई बेटांवर जाऊन बसला.

त्याहून गंमत म्हणजे, करार करताना त्याने पुढच्या भागांचे आणि खेळणी-बाहुल्यांचे हक्क स्वतःकडे मागून घेतले. कंपनीने ते देऊन टाकले. बाहुल्यांत काय ठेवलंय! आणि सिनेमा असा चालला, की त्या वर्षीच्या नाताळात केनर नावाच्या खेळण्यांच्या कंपनीला मागणी पुरवता येईना. तेव्हा त्यांनी दुकानात रिकामी खोकी विकली! आत एक कागद: हा भरून पाठवा, म्हणजे तुमच्या बाहुल्या नव्या वर्षात घरपोच. आणि लोकांनी ती खोकी विकत घेतली. रिकामं खोकं पैसे देऊन घेणं हा प्रकार मी नोकरीत बऱ्याच ठिकाणी पाहिला, पण घेणारा खुशीत आहे असं कुठेच पाहिलं नाही.

तिसरी बाब प्रत्यक्ष मालाची. तो एकदा डोळे उघडे ठेवून बघणं आलं. म्हणून रविवारी मी नातवाला म्हटलं, "लाव रे तो तुझा सिनेमा. पहिला." मुलगा कोचाच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र उघडून बसला. ते त्याने सबंध दोन तास उलटलं नाही.

गोष्ट माहीत असेलच. शेतावर काम करणारा पोर ल्यूक, त्याला वाट दाखवणारा म्हातारा ओबी-वान केनोबी, राजकन्या लेया, तस्कर हान सोलो, आणि तो हेल्मेटवाला दुष्ट. पण मला आवडलं ते निराळंच. त्यातली यानं जुनी आहेत! तोवर सिनेमातलं भविष्यकाळातलं यान म्हणजे नुकतं शोरूममधून आणल्यासारखं चकचकीत असायचं. ल्यूकसने हट्टाने सगळं वापरलेलं, मळलेलं, पोचे आलेलं दाखवलं. हान सोलोचं यान पाहून ल्यूक पहिल्याच भेटीत त्याला भंगार म्हणतो. दुसऱ्या भागात, नातू म्हणाला, ते बंद पडतं आणि सोलो एक बुक्की मारून दिवे लावतो. जुन्या स्कूटरवर पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला हे विज्ञान पटायला वेळ लागत नाही.

आणि तो आवाज! अवकाशात नसणारा. बेन बर्ट या माणसाने प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीची गुणगुण मिसळून त्या प्रकाशतलवारीचा आवाज केला. शत्रूच्या विमानांसाठी त्याने हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा आवाज एकत्र केले. संगीत जॉन विल्यम्सचं. संकलन तिघांचं, त्यात ल्यूकसची तेव्हाची पत्नी मार्शा. या सिनेमाला सहा ऑस्कर मिळाली आणि आवाजांसाठी बर्टला एक खास, वर. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं मात्र 'अ‍ॅनी हॉल'ला गेलं, म्हणजे तिथेही माझ्यासारखे कोणीतरी बसले होते.

चौथी बाब फुगवट्याची. इथे मात्र माझी पेन्सिल धावली. १९८० आणि १९८३चे पुढचे भाग ठीक. मग १९९९पासून आधीच्या पिढीची कथा सांगणारे तीन. २०१२ साली ल्यूकसने सगळं दुकान डिस्नेला चार अब्ज डॉलरच्या वर किमतीला विकलं, आणि २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत पाच सिनेमे आले. मालिका निराळ्या. दुधात पाणी किती घालावं याला गवळ्याकडेसुद्धा काही मर्यादा असते.

पण माझ्यातला हिशेबतपासनीस खरा हादरला तो दुसऱ्याच गोष्टीने. १९८८ साली ल्यूकस अमेरिकन काँग्रेसपुढे जाऊन कळकळीने बोलला, की जुन्या चित्रपटांत फेरफार करणं हा सांस्कृतिक वारशावर घाला आहे. आणि १९९७ साली त्याने स्वतःच्याच सिनेमात फेरफार केले! मूळ सिनेमात हान सोलो मारेकऱ्यावर आधी गोळी झाडतो. सुधारित आवृत्तीत मारेकरी आधी झाडतो, म्हणजे आपला नायक सोज्ज्वळ. मंजूर झालेल्या ताळेबंदात वीस वर्षांनी खाडाखोड! जगभरचे लोक अजून यावर भांडतात, आणि मी म्हणतो, त्यांचं बरोबर आहे. जून २०२५मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ची अस्सल प्रत दाखवली, तर त्याची बातमी झाली. मूळ पावतीला किंमत असते ती अशी.

राहता राहिला माझा साक्षीदार. ओबी-वानची भूमिका करणारे सर अ‍ॅलेक गिनेस. आपल्याला ते ओळखीचे असायला हवेत, कारण १९८४ साली 'अ पॅसेज टू इंडिया'मध्ये ते चक्क प्राध्यापक गोडबोले झाले होते. म्हणजे नातवाच्या जेडाय गुरूने सात वर्षांत आमच्यात येऊन जानवं घातलं! या गोडबोल्यांना 'स्टार वॉर्स'चे संवाद म्हणजे शुद्ध कचरा वाटत होते. नफ्यात टक्केवारी मिळाल्यामुळे उत्पन्न झकास झालं, तरी वैताग गेला नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्यांनी लिहिलंय, की सॅन फ्रान्सिस्कोत बारा वर्षांचा एक मुलगा त्यांना अभिमानाने म्हणाला, मी तुमचा सिनेमा शंभराहून जास्त वेळा पाहिलाय. गिनेस म्हणाले, माझं एक ऐकशील? पुन्हा कधी बघू नकोस. मुलगा ओक्साबोक्शी रडू लागला आणि त्याची आई संतापली.

तपासणीच्या पहिल्या आठवड्यात हे वाचून मी मांडीवर थाप मारली होती. भले गोडबोले! पण त्या रविवारी पडद्यावर तो म्हातारा पोराच्या हातात पहिल्यांदा प्रकाशतलवार देत होता, आणि शेजारी आमचा बारा वर्षांचा पोर श्वास रोखून बसला होता. मला एकदम ती १९८५ची सकाळ दिसली. मुलगा हातात ब्रश धरून उभा होता. त्याने मला ध्वनिलहरींविषयी विचारलं नव्हतं. 'मला आवडलेलं तुम्हालाही आवडलं का,' एवढंच त्याला हवं होतं. ल्यूकसने स्वतःच सांगून ठेवलंय, की हा सिनेमा बारा वर्षांच्या मुलांसाठी आहे. आणि मी चाळिशीच्या मापाने तो मोजत बसलो. पार्सेकमध्ये वेळ मोजणाऱ्या सोलोला कशाला हसायचं?

तेव्हा माझा शेरा असा: मूळ सिनेमा दोन तास एक मिनिटाचा, आणि त्याची किंमत बारा वर्षांच्या मुलांनी लावली ती बरोबर आहे. मोठ्यांनी आधी ती फार कमी लावली आणि नंतर फार जास्त. फुगवटा आहे तो नंतर झालेल्या दुकानाचा, आणि आपलं बारावं वर्ष पैसे टाकून पुन्हा मिळेल असं वाटणाऱ्यांचा.

सिनेमात मारेकऱ्याचा प्रसंग आला तेव्हा वर्तमानपत्राच्या मागून आवाज आला, "मुळात हा आधी मारतो."

"माहीत आहे," मी म्हणालो. "खाडाखोड केलीय."

वर्तमानपत्र थोडं खाली आलं.

शेवटी पदकं वाटून झाली. नातवाने विचारलं, "आजोबा, कसा वाटला?"

मी मुलाकडे बघत म्हणालो, "छान आहे. मजा आली."

मुलगा काही क्षण गप्प बसला. मग घसा साफ करत म्हणाला, "बाबा, ते पार्सेकचं त्यांनी निस्तरलंय बरं का. २०१८च्या सिनेमात दाखवलंय. सोलो लांबच्या रस्त्याने न जाता धोक्याच्या आडवाटेने जातो, म्हणून अंतरच कमी भरतं."

म्हणजे १९७७च्या बाबीवरचा आक्षेप, उत्तर २०१८ साली. एकेचाळीस वर्षं. काही खात्यांच्या मानाने लवकरच म्हणायचं. मी वहीत लिहिलं, 'खुलासा समाधानकारक. आक्षेप वगळण्यात येत आहे.'

रात्री जेवताना मुलाने ताक मागून घेतलं.