ऐकून झाल्यावर

धरमतरला लाँचमधून उतरता तेव्हा खिशात फोन नाही आणि कुणाला त्याची चुटपुटही नाही. तारीख २७ ऑक्टोबर १९३३. दिवाळी होऊन आठवडा झालाय. पोयनाडच्या दिशेने चालू लागलात की दोन्ही अंगांना खारेपाट पसरतो: एकीकडे खाडी, दुसरीकडे कापणीला आलेलं भात, आणि दोघांच्या मध्ये मातीचा बांध. उधाणाला बांधाला खांड पडली तर खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन वर्षा-दोन वर्षांसाठी हातची जाते. खांड बुजवायला गुडघाभर चिखलात उभा राहतो तो कूळ. जमिनीचा कागद मात्र खोताच्या पेटीत आहे.

अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात आज सभा आहे. माणसं मांडी घालून बसलीत, बहुतेक आगरी शेतकरी. बोलणारे नारायण नागू पाटील. ठरतं ते असं: या खंडावर, या अटींवर जमीन कसायची नाही. पंचवीस गावं या संपात असणार आहेत.

तुम्हाला शेवट ठाऊक आहे, त्यांना नाही. सहा वर्षं लागणार आहेत, हे शेजारच्या माणसाला सांगायचा मोह होईल. सांगू नका. सहा वर्षं म्हणजे काय हे त्याच्या घरी उद्यापासून कळणारच आहे, लाकूडफाटा विकून आणि दुसऱ्याच्या दारी मजुरी करून.

आता कॅलेंडर थोडं पुढे सारा. १९३४ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला येतात. पुढे १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात ते खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडतात. त्याच वर्षी नारायण नागू पाटलांचं ‘कृषीवल’ हे पत्र सुरू होतं. मुंबई इथून पाण्यापलीकडे, लाँचने काही तासांवर. पण विधिमंडळात काय बोललं जातं ते चरीच्या कुळाला कळण्याच्या दृष्टीने विलायतेइतकी लांब. अंतर कापायला एकच वाहन आहे, छापील कागद. वाचता येणारे गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

तुम्ही एका ओटीवर बसता. कंदिलाची काच एका बाजूने काजळली आहे, म्हणून वाचणाऱ्या पोराने अंक तिरका धरलाय. पोर शाळेत वाचतात तसं एका दमात वाचत सुटतं.

“थांब रं. परत वाच.”

पोर परत वाचतं. ‘कूळ’ हा शब्द येतो तिथे एक म्हातारा हात वर करतो. “यो कूळ म्हंजे आमीच ना? का दुसरा कोन?”

मग दहा मिनिटं वाचन बंद. ज्याचा बाप कसत होता तो कूळ, की ज्याने अंगठा उठवला तो? अंगठा उठवला नसेल तर? एक जण म्हणतो, कायदा-बियदा काही नाही, आपलं भांडण खोताशी आहे. दुसरा म्हणतो, खोत एक गेला तर त्याचा पोरगा बसेल, म्हणून तर कागद पाहिजे. पोर जांभया देतं. वाचून अर्धं पानही झालेलं नाही.

ही ओटी मी कल्पनेने उभी केली आहे, पण तिच्यावरचा प्रश्न खराच होता. उपाशी माणसांच्या हातात कोयते होते आणि खोतांची घरं हाकेच्या अंतरावर. तरीही भांडण शेवटी जाऊन पोचलं ते कायद्याच्या टेबलावर. १९३९ मध्ये महसूलमंत्री होते मोरारजी देसाई, आणि त्याच साली आलेल्या मुंबई प्रांताच्या कूळकायद्यात ‘संरक्षित कूळ’ हा शब्द बसला. खोती कायद्याने जायला १९४९ उजाडावं लागलं. या यशाचं श्रेय नेत्यांना आणि उपासमार सोसणाऱ्या बायकांना आहेच. थोडं त्या “परत वाच”लाही द्यावं, असं मला वाटतं.

गंमत म्हणजे छापील कागदातून लांबवर धडे पोचवण्याची ही तऱ्हा आधी आफ्रिकेतच कसाला लागली होती. १९०३ मध्ये डरबनला ‘इंडियन ओपिनियन’ निघालं. नाताळात आणि ट्रान्सवालमध्ये विखुरलेल्या गिरमिटियांना, व्यापाऱ्यांना काय सोसायचं, काय नाकारायचं आणि हात न उगारता कसं नाकारायचं, याचे धडे त्यातून जात होते. हे पत्र नसतं तर सत्याग्रह बहुधा उभाच राहिला नसता, असं गांधींनी पुढे लिहून ठेवलंय. आज आफ्रिकेला दूरशिक्षणातून शांतता शिकवण्याच्या योजना आखताना आपण जरा पुढारलेपणाच्या सुरात बोलतो, म्हणून ही आठवण.

आता घाट चढा. १९५६, फेब्रुवारी. तुमचा कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड, आता बघायच्या रेडिओच्या प्रयोगात नाही, त्यामुळे देशावर जाणं भाग आहे. पुण्याच्या आकाशवाणी केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली आहेत. आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी, अर्धा तास कार्यक्रम. दहा आठवड्यांत वीस. गावात पंधरा-वीस जणांचं मंडळ; त्यांनी एकत्र बसून ऐकायचं, ऐकून झाल्यावर बोलायचं, आणि काय ठरलं, काय विचारायचंय ते केंद्राला लिहून कळवायचं. कल्पना कॅनडातली, तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी मंडळं चालत होती.

चावडीत रेडिओ मधोमध ठेवलाय. बियाण्याबद्दल कुणी तज्ज्ञ बोलतोय. तुम्ही रेडिओकडे बघू नका, भिंतीला टेकून बसलेल्या माणसाकडे बघा. कार्यक्रम संपेपर्यंत तो हललेला नाही. रेडिओ बंद झाल्यावर, पाटलांचं बोलून झाल्यावर, तो खाकरतो आणि म्हणतो की आपल्याकडे हे चालायचं नाही, आपली जमीन हलकी. पाटील त्याच्याकडे वळून बघतात. या खोलीत हा माणूस पाटलांच्या नंतर आणि पाटलांच्या विरुद्ध बोललाय.

या गावांमध्ये काय फरक पडला हे मोजण्याचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे आहे आणि मोजणारा माणूस आहे पॉल न्यूराथ. मूळचा व्हिएन्नाचा. डाखाऊ आणि बुखेनवाल्ड या नाझी छळछावण्यांतून जिवंत बाहेर पडलेला, त्यांच्यावरच प्रबंध लिहिलेला समाजशास्त्रज्ञ. एक अख्खा समाज भीतीने कसा गप्प बसतो हे ज्याने आतून पाहिलं, तो महाराष्ट्रातल्या खेड्यांत माणसं एकमेकांशी बोलतात का, हे तपासतोय. त्याने मंडळं असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं शेजारी शेजारी ठेवली. मंडळांच्या गावांत लोकांना कळलं ते इतरांपेक्षा कितीतरी जास्त. नुसत्या रेडिओने फारसं साधलं नव्हतं.

हीच पद्धत युनेस्कोने १९६४-६५ मध्ये घानात नेली. पुण्याच्या चावडीतली बैठक अशी आफ्रिकेत पोचली, हे आपल्याकडे फारसं कुणाला सांगितलं जात नाही.

पण घानातही विषय गावच्या विकासाचाच होता. शांततेच्या धड्यासाठी तुम्हाला जायचंय रवांडात, आणि तिथे रेडिओ हा शब्द उच्चारताना जपून. १९९३ च्या जुलैत तिथे आरटीएलएम नावाचं केंद्र सुरू झालं. गाणी छान लावायचं, बोलणारे गमत्ये होते, आणि गाण्यांच्या मधून ते तुत्सी जमातीला झुरळं म्हणायचे. १९९४ च्या एप्रिलपासून जुलैपर्यंत शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, बरीचशी शेजाऱ्यांच्या हातांनी. दूरशिक्षण हेही होतं. धडा घरोघर पोचला आणि गिरवलाही गेला. माध्यमालाच पवित्र मानणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं.

दहा वर्षं पुढे या, २००४. डोंगरउतारावरच्या एका वस्तीत लोक अंगणात बसलेत. महिन्यातून एकदा कुणीतरी टेप घेऊन येतो आणि ‘मुसेकेवेया’ या नाटकाचे चार भाग लावतो. नावाचा अर्थ नवी पहाट. कथा दोन काल्पनिक गावांची, मुहुमुरो आणि बुमान्झी. जमीन अपुरी, सरकारची मेहेरबानी एकाच गावावर, मग दुष्काळ, मग हल्ला. दोन गावांतल्या एका मुलाचं आणि मुलीचं प्रेम. हुतू, तुत्सी हे शब्द कुठेच नाहीत. ऐकणाऱ्या प्रत्येकाला मात्र ते ऐकू येतात. खारेपाटातल्या माणसाला ही कथा समजावून सांगायची गरज नाही. वाटेवरून, पाण्यावरून आणि खाजणावरून दोन गावं कशी उभी ठाकतात हे त्याने पाहिलेलं असतं.

एलिझाबेथ लेव्ही पालक या संशोधक वर्षभर अशा वस्त्यांची तुलना करत होत्या. काही वस्त्यांना हे नाटक, काहींना आरोग्याविषयीचं दुसरं नाटक. वर्ष संपलं तेव्हा निकाल विचित्र लागला. नाटक ऐकून लोकांची स्वतःची मतं फारशी बदलली नव्हती. कुणावर विश्वास ठेवावा, आंतरविवाहाने शांतता येते का, असल्या गोष्टींबद्दल ते आतून जिथे होते तिथेच होते. बदललं होतं ते वागणं.

ते कसं दिसलं ते जवळ जाऊन बघा. शेवटच्या दिवशी वस्तीला भेट म्हणून एक टेपरेकॉर्डर आणि नाटकाच्या कॅसेटी दिल्या जातात. सगळ्यांत मिळून एकच. आता तो ठेवायचा कुणी, आणि बॅटऱ्या कुणी आणायच्या? आरोग्याचं नाटक ऐकलेल्या वस्तीत कुणीतरी म्हणतो, स्थानिक अधिकाऱ्याकडे राहू दे. सगळे मान डोलावतात, विषय संपतो. मुसेकेवेया ऐकलेल्या वस्तीतही कुणीतरी तेच म्हणतो. पण दुसरा कुणी म्हणतो, का म्हणून? आपण सगळ्यांनी मिळून ऐकलंय, आपणच वाटून सांभाळू. आणि मग वाद, भरपूर वाद. वरून आलेला हुकूम मान खाली घालून पाळल्यामुळे जो देश रक्तात बुडाला, तिथे अधिकाऱ्याच्या घरी टेपरेकॉर्डर ठेवायला कुणी तोंडावर नकार देतंय. शांततेचं मोजमाप करायचंच असेल तर मी या गोंगाटापासून सुरुवात करीन.

आपल्याकडे उलटी खोड आहे. भांडण दिसलं नाही की गाव शांत आहे असं आपण धरून चालतो. १५ ऑगस्ट २००७ ला तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. कल्पना चांगली होती: बांधाचा, वाटेचा, घरच्या वाटणीचा तंटा कोर्टात वीस वर्षं कुजण्यापेक्षा गावात बसून मिटावा. पुष्कळ ठिकाणी तंटे मिटलेही. पण तंटामुक्त झाल्याचा पुरस्कार असला की तंटा मिटवण्यापेक्षा झाकणं स्वस्त पडतं, हे सांगायला संशोधक लागत नाही.

आणि रायगडच्या किनाऱ्यावर झाकण्याचं जुनं हत्यार आहे, वाळीत टाकणं. गावकीचं ऐकलं नाही, पालखीच्या मानावरून बोलला, ग्रामपंचायतीला नको त्या पॅनलमधून उभा राहिला, वर्गणी दिली नाही. मग त्याच्या घरी कुणी जायचं नाही, त्याच्या पोराच्या लग्नाला वाजंत्री नाही, दुकानदाराने मीठ द्यायचं नाही. या जिल्ह्यातून अशी प्रकरणं इतकी येत राहिली की बहिष्कारावर कायदा हवा या मागणीत रायगडचं नाव सतत घेतलं गेलं. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला, २०१७ मध्ये तो लागू झाला. असा कायदा करणारं हे पहिलं राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

हा कायदा आज तुमच्या फोनमध्ये आहे, मराठीत. शिकायचंच असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची गांधी आणि शांतता अभ्यासातली एम.ए. घरबसल्या होते, पुस्तकं टपालाने येतात. त्या पुस्तकांत खोट नाही. मात्र ती वाचली जातात एकट्याने, पंख्याखाली, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. आणि वाळीत टाकायचं ठरतं ते देवळाच्या सभामंडपात.

तर तिथेच चला, अगदी अलीकडच्या एका रात्री. किनाऱ्यावरचं कुठलंही गाव घ्या, नावाची गरज नाही. पुरुष पुढे, बायका खांबांच्या मागे. होळीची वर्गणी एका घराने यंदा दिलेली नाही. गेल्या वर्षीचा हिशोब मागितला, तो मिळाला नाही, म्हणून. बोलायचं ते बाहेर बोलून झालंय. अध्यक्ष वही मिटता मिटता म्हणतात, “तर गावाचं एकमत आहे.”

खांबामागून आवाज येतो. “माझं धरू नका त्यात.”

सगळे वळतात. ती त्या घरची कुणी नाही. तिच्या गटातल्या बायकांनी बचतगटाच्या बैठकीत मोबाईलवर त्या कायद्याची माहिती एकत्र ऐकली होती आणि त्यावरून दोन बैठका भांडल्या होत्या, हे पुढे बसलेल्यांना माहीत नाही.

“वहीत लिहा,” ती म्हणते, “एकमत नाही असं लिहा.”

“बाईमाणसाचं वहीत कधी लिहिलंय?” कुणीतरी हसतं.

“मग हिशोब तरी लिहिलाय का? तो वाचून दाखवा,” हे दुसरीच कुणी म्हणते, आणि पुढच्या रांगेतला एक म्हातारा, ज्याने स्वतः वर्गणी वेळेवर भरली आहे, म्हणतो की हिशोब ऐकायला त्यालाही आवडेल. खजिनदार म्हणतो वही घरी आहे. “मग घेऊन या, आम्ही बसतो.” अध्यक्ष घड्याळ बघतात, खजिनदार चपला शोधतो, दोन-तीन जण एकाच वेळी बोलायला लागतात आणि बहिष्काराचा विषय मागे पडून गेल्या वर्षीच्या मंडपवाल्याला नेमके किती दिले यावर जुंपते.