आखूड नळी, टोकदार गोळी

1895 साली अमेरिकेत विंचेस्टर कंपनीचे ‘थर्टी-थर्टी’ काडतूस आले आणि हरणाच्या शिकारीत रूढ झाले. त्या रायफलीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसत. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडातील स्फोटक टोपीवर आपटण्याचा धोका असे. म्हणून गोळी बोथट ठेवावी लागे. अशा गोळीला हवेचा रोध जास्त होतो.

1967 साली वॉरेन सेंटर यांनी रचलेले ‘कंटेंडर’ पिस्तूल आले. त्यात एका वेळी एकच काडतूस मावे, पण नळी बदलता येई. थर्टी-थर्टीची नळी बसवली की टोकदार गोळीही निर्धोकपणे वापरता येई.

अडचण वेगाची होती. रायफलीची नळी साधारण 20 इंच किंवा अधिक, पिस्तुलाची 10 इंच. आखूड नळीत वायूचा दाब गोळीला कमी अंतरापर्यंतच ढकलतो. समजा, वेग 15 टक्क्यांनी घटला; ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सुमारे 28 टक्क्यांनी घटते. म्हणूनच पुढे आलेली 14 इंची नळी हरणासाठी अधिक योग्य ठरली.

जोर अपुरा पडला, तर जखमी हरीण पळते आणि तडफडत मरते. त्यामुळे नळी निवडताना किती अंतरापलीकडे बार काढायचा नाही, हेही ठरवावे लागते.