कुलाब्याची सुई अलिबागला का गेली?

पोरं बिघडलेल्या स्पीकरमधला चुंबक काढतात, त्याला दोरी बांधतात आणि रस्त्यानं ओढत नेतात. घरी येईपर्यंत त्याला काळी लव चिकटलेली असते. ती साधी माती नव्हे, लोखंडाच्या खनिजाची कणी आहे. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात, विहिरीच्या तळाशी, नळदुर्गच्या तटात जो काळा पाषाण आहे, त्यात मॅग्नेटाइट नावाचं हे खनिज असतं. दगड झिजून माती होते, पण कणी शिल्लक राहते.

दुसरी ओढही आपल्या घरातलीच आहे. थंडीच्या दिवसांत नायलॉनची साडी सोडताना चटचट वाजतं, अंधारात ठिणगीही दिसते. कोरड्या केसांवरून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो. चुंबक मात्र लोखंडाला धरतो, कागदाकडे बघतसुद्धा नाही. कंगव्यावर घर्षणानं विद्युतभार साठतो, त्याची ही करामत. ढगात बर्फाचे कण एकमेकांवर आपटून असाच भार साठतो आणि फार झाला की उडी मारतो. तीच वळवातली वीज. म्हणून आभाळ गडगडायला लागलं, की खुरपं तिथंच टाका आणि पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. पाऊस चुकवायला झाडाखाली उभ्या राहिलेल्या बायांच्या बातम्या आपण दर वर्षी ऐकतो.

या दोन ओढींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असंच बराच काळ मानलं जाई. 1820 साली डेन्मार्कमधले प्राध्यापक हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी वीज वाहणारी तार होकायंत्राजवळ धरली, तर सुई हलली. साठलेला भार वाहू लागला, की त्याच्याभोवती चुंबकत्व तयार होतं, हे तेव्हा कळलं. पुढं मुंबईत याच गोष्टीमुळं एका वेधशाळेला जागा सोडावी लागली.

ईस्ट इंडिया कंपनीनं 1826 मध्ये कुलाब्याला वेधशाळा बांधली आणि 1841 पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे, म्हणून सुई उत्तर दाखवते. पण ती अगदी स्थिर नसते. दिवसभरात डोळ्याला कळणारही नाही इतकी सरकते, आणि सूर्यावर खळबळ झाली की भलतीच थरथरते. ते सरकणं माणसं दिवसा-रात्री दिव्याच्या उजेडात वाचून वहीत उतरवत होती.

1 सप्टेंबर 1859 रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर लखलखाट दिसला. दुसऱ्याच दिवशी कुलाब्याच्या नोंदीत पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा जोर सुमारे 1,600 नॅनोटेस्लानं घसरला. युरोप-अमेरिकेत तारखात्याच्या यंत्रांतून ठिणग्या उडाल्या. 2003 साली भारतातल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी कुलाब्याच्या त्याच जुन्या आकड्यांवरून ते वादळ किती मोठं होतं याचा हिशेब मांडला. तसं वादळ आज आलं तर उपग्रह आणि विजेच्या मोठ्या वाहिन्या बिघडू शकतात, म्हणून तो हिशेब अजून उपयोगी पडतो.

मुंबईत 1874 पासून घोड्यांच्या ट्राम होत्या. घोड्यांचा सुईला काही त्रास नव्हता. पण विजेच्या ट्राम येणार असं ठरू लागलं आणि वेधशाळेपुढं पेच उभा राहिला. रुळांतून आणि जमिनीतून वाहणारी वीज सुईला हलवणार. मग पृथ्वी काय सांगते आणि ट्राम काय सांगते, हे वेगळं कसं करायचं? तेव्हा नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे संचालक होते, या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. शहराची सोय अडवायची नव्हती आणि साठ वर्षांची नोंदही तोडायची नव्हती. म्हणून समुद्रापलीकडं अलिबागला नवी जागा घेतली.

मूस यांनी घाई केली नाही, ही गोष्ट आम्हाला फार आवडली. 1904 ते 1906 या काळात कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडं मोजणी चालू ठेवली. बचतगटाची वही बदलताना जुनीतली शिल्लक नवीत घेतो, ताळा जुळतो का ते बघतो आणि मगच जुनी मिटतो, तसंच हे. ट्राम 1907 साली सुरू झाली, तोवर ताळा जुळला होता. कुलाब्याच्या नोंदींचे मूस यांनी केलेले दोन जाड खंड 1910 साली छापून आले.

अलिबागची इमारत बांधताना लोखंड टाळलं आणि पोरबंदरचा फिका दगड आणवला. आपला काळा पाषाण चालला नसता, कारण तो स्वतःच चुंबकी. लाव्हा थंड होताना त्यातल्या कण्यांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा पकडली आणि दगड घट्ट झाला, की ती त्यात कोंडून राहिली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या दगडांतल्या या दिशा मोजल्या. त्यांचा निबंध 1959 सालचा. अशा मोजण्यांतून कळलं, की सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा वाहिला, तेव्हा आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. सरकत सरकत ती इथवर आली. काही थरांत तर दिशा नेमकी उलटी निघते, म्हणजे तेव्हा पृथ्वीचे चुंबकी ध्रुवच उलटे होते.

असे नमुने घेणारे उघड्या माथ्यावरचा दगड शक्यतो टाळतात, खाणीतला किंवा घाटाच्या कापातला घेतात. माथ्यावर वीज पडते, आणि पडली की त्या दगडातली जुनी दिशा पुसून आपली नवी ठेवून जाते. असा दगड होकायंत्राजवळ नेला तर सुई गोंधळते.